स्वस्त लॅपटॉप आणि आपले कागद

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी मोफत सुरक्षा-अपडेट देणे बंद केले. बातमी छोटी होती. पण तुमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत, जमातच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात आणि घरातल्या कोपऱ्यात जे जुने संगणक पडले आहेत, त्यांच्याशी या बातमीचा थेट संबंध आहे. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. कुणा देणगीदाराने दहा वर्षांपूर्वी दिलेल्या किंवा एखाद्या कंपनीने काढून टाकलेल्या मशीनमध्ये तो नसतो. मशीन चालते, स्क्रीन ठीक आहे, कीबोर्डची दोन बटणे गेली असली तरी काम भागते. फक्त दारावरचा रखवालदार नोकरी सोडून गेला आहे. अशा संगणकावर बँकेचा व्यवहार करणे, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणे किंवा आधारची पीडीएफ उघडणे यात धोका आहे आणि तो महिन्यागणिक वाढत जाणार आहे.

मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना एक वर्षाची सवलत दिली, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती मोफत मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्यांच्याच खात्यात लॉगिन करून आपल्या संगणकाच्या सेटिंग त्यांच्या सर्व्हरवर ठेवायच्या. म्हणजे जुने मशीन वाचवायचे असेल तरी आधी क्लाउडच्या दारात या. यात कट वगैरे काही नाही, धंद्याची दिशाच ती आहे. पण दिशा कळली की पुढचा प्रश्न नीट विचारता येतो.

तो प्रश्न आमच्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येतो. ‘अभ्यासिकेतल्या सहा मशीनचे काय करायचे?’ ‘बहिणीला बारावीनंतर लॅपटॉप घ्यायचा आहे, बजेट पंधरा-सोळा हजार, क्रोमबुक घेऊ का?’ ‘टीव्हीच्या डब्यावर संगणक चालतो म्हणतात, ते खरे का?’ तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हलक्या, स्वस्त मशीनवर चालणाऱ्या आणि खरे काम दूरच्या सर्व्हरवर सोपवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आपण भरवसा ठेवायचा का, आणि किती?

आधी शब्दाची भीती काढून टाकू. क्लाउड म्हणजे ढग, पण ढगात काहीही नसते. ऐरोलीला, महापेला मोठमोठ्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत, वातानुकूलित, कुंपण घातलेल्या. त्यांच्यात हजारो संगणक रांगेने लावलेले असतात. तुमचा फोटो, तुमचा निबंध, तुमच्या अब्बांच्या पासपोर्टची स्कॅन केलेली प्रत अशाच कुठल्यातरी इमारतीत, कदाचित दुसऱ्याच देशातल्या, पडलेली असते. इमारत दुसऱ्याची, मशीन दुसऱ्याचे, वीज दुसऱ्याची. तुमच्याकडे असतो तो एक पासवर्ड.

यात दोन जाती आहेत आणि बाजारात त्यांची सरमिसळ करून विक्री चालते, म्हणून फरक समजून घ्या. पहिली जात गुगलच्या क्रोम ओएसची. इथे ऑपरेटिंग सिस्टीम तुमच्या हातातल्या मशीनमध्येच असते, पण अगदी सडपातळ. मुख्य खिडकी ब्राउझरची; लिहिणे, हिशोब, फोटो, मेल ही कामे बहुतेक इंटरनेटवरच्या सेवांतून होतात. इंटरनेट गेले तरी मशीन सुरू राहते आणि आधी सोय करून ठेवली असेल तर काही कामही करता येते. दुसऱ्या जातीत ऑपरेटिंग सिस्टीमच तुमच्या घरात नसते. ती डेटा सेंटरमध्ये चालते आणि तुमच्या पडद्यावर तिचे नुसते चित्र येते, व्हिडिओसारखे. तुम्ही बटण दाबता, ते तिकडे जाते, अक्षर तिकडे उमटते आणि उमटलेल्याचे चित्र परत येते. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंडोज ३६५ या नावाने अशी सेवा कंपन्यांसाठी आणली. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये रिलायन्स जिओने जिओपीसी आणले तेही याच जातीचे. सेट-टॉप बॉक्सला टीव्ही किंवा मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जोडा, की तिकडच्या सर्व्हरवरचे उबुंटू लिनक्स तुमच्या पडद्यावर.

जुन्या माणसांना हे नवे वाटणार नाही. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीत क्लार्कपुढे जो पडदा असायचा तो याच वंशातला. अक्कल दूरच्या मोठ्या संगणकात, खिडकीत नुसता पडदा आणि कीबोर्ड. मग वैयक्तिक संगणक आला आणि अक्कल टेबलावर आली. आता ती परत दूर चालली आहे.

मधल्या काळात बरेच प्रयोग झाले. २००७ मध्ये आसुसने ‘ई पीसी’ हा चिमुकला नेटबुक काढला आणि छोट्या, हलक्या, अशक्त मशीनची लाट आली. त्यांच्यावर विंडोज रडतखडत चालायचे. पॅरिसच्या तारिक क्रीम यांनी त्यांच्यासाठी जोलीक्लाउड नावाची सिस्टीम बनवली, लिनक्सवर उभी आणि इंटरनेटवरच्या सेवांना केंद्रस्थानी ठेवणारी. कल्पना गुगलच्या तोडीची होती, पैसा नव्हता. काही वर्षांत ती बंद पडली. गुगलने जुलै २००९ मध्ये क्रोम ओएसची घोषणा केली, त्याच नोव्हेंबरमध्ये तिचा पायाभूत कोड खुला केला आणि १५ जून २०११ पासून एसर व सॅमसंगचे पहिले क्रोमबुक अमेरिकेत विकायला सुरुवात झाली. त्या वेळी अनेकांनी हसून घेतले. इंटरनेट नसेल तर हा लॅपटॉप की पोळपाट, असा सूर होता. मग अमेरिकेतल्या शाळांनी ते हजारोंनी घेतले, कोविडच्या २०२० सालात तर विक्रीत क्रोम ओएसने ॲपलच्या मॅकला मागे टाकले. २०२३ च्या गांधी जयंतीपासून एचपीने चेन्नईजवळ भारतातच क्रोमबुक बनवायला सुरुवात केली, सोळा हजारांच्या आतबाहेर किंमत ठेवून.

हे यश नुसत्या जाहिरातीचे नाही, आणि इथे आपल्या काही पुरोगामी मित्रांशी आमचे पटत नाही. मोठ्या कंपनीची वस्तू म्हणून ती वाईटच असणार असे धरून चालणे सोपे असते. क्रोम ओएसची बांधणी खरोखर चांगली आहे. सिस्टीमचा मूळ भाग फक्त वाचता येतो, त्यात कुणी लिहू शकत नाही; त्यामुळे पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस तिथे घर करत नाही. क्रोमबुक सुरू होताना दरवेळी स्वतःची तपासणी करते आणि कुणी छेडछाड केली असेल तर शाबूत प्रतीवर परत जाते. सिस्टीमच्या दोन प्रती असतात. अपडेट दुसऱ्या प्रतीवर चढते आणि पुढच्या वेळी मशीन तिच्यावरून सुरू होते. विंडोजवर ‘कृपया बंद करू नका’ म्हणत अर्धा तास फिरणारे ते चक्र, ऐन फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, ज्यांनी सोसले आहे त्यांना याची किंमत कळेल.

आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे तंत्रज्ञानावर लिहिणारे फारसे बघत नाहीत. मुंब्र्याच्या किंवा भिवंडीच्या एका खोलीत चार भावंडे आणि एक मशीन, ही आपली परिस्थिती आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधल्या ७५ व्या फेरीत देशातल्या जेमतेम १०.७ टक्के घरांत संगणक होता, ग्रामीण भागात तर ४.४ टक्के. तेव्हा ‘पर्सनल’ कॉम्प्युटर हा शब्दच आपल्याकडे खोटा आहे, तो असतो कुटुंबाचा. क्रोम ओएसमध्ये प्रत्येकाचे खाते वेगळे आणि प्रत्येकाची जागा वेगळ्या किल्लीने कुलूपबंद असते. भावाने लॉगिन केले म्हणून त्याला बहिणीच्या फाइल दिसत नाहीत. बहीण कुठल्या कोर्सची चौकशी करते, कुठे अर्ज करते, कुणाला मेल लिहिते, हे तिचे तिच्याकडे राहते. मुलीच्या हातात अब्बांचा किंवा भावाचा फोन देणे आणि तिला स्वतःची कुलूपबंद जागा देणे यात किती अंतर आहे, हे आमच्या वाचक मुलींना सांगायची गरज नाही. स्वस्तातले मशीन ही सोय देत असेल तर ती किरकोळ नव्हे.

अभ्यासिकेसाठी तर गणित आणखी सोपे. क्रोम ओएस फ्लेक्स नावाची मोफत आवृत्ती जुलै २०२२ पासून सर्वांना मिळते. न्यूयॉर्कच्या नेव्हरवेअर कंपनीचे क्लाउडरेडी हे उत्पादन गुगलने २०२० मध्ये कंपनीसकट विकत घेतले, त्यातून ही बनली. ४ जीबी रॅम, १६ जीबी साठवण आणि इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिटचा प्रोसेसर असेल तर बहुतेक जुन्या मशीनवर चढते. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, हार्डडिस्कला हातही न लावता. त्यात अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत. क्रोमबुकमध्ये असते ती गुगलची सुरक्षा-चिप जुन्या मशीनमध्ये नसल्याने तपासणीही तेवढी पक्की नाही. तरीही अपडेट थांबलेल्या विंडोजपेक्षा ती कितीतरी बरी. अतिथी म्हणून आत शिरायची सोय आहे. मुलाने काम केले, बाहेर पडला, मागे काही राहिले नाही.

इथवर सगळे छान आहे. आता दुसरी बाजू.

ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकीकत छापली. लहान मुलाला गुप्तांगाजवळ सूज आली होती. कोविडचा काळ, डॉक्टरांची भेट व्हिडिओवर, म्हणून फोटो काढून पाठवायला सांगितले होते. फोटो आपोआप गुगलच्या सर्व्हरवर गेला, तिथल्या यंत्रणेने तो बालकांच्या लैंगिक शोषणाचा म्हणून पकडला आणि खाते बंद झाले. मेल, संपर्क, मुलाच्या पहिल्या वर्षाचे फोटो आणि गुगलचीच सेवा असल्याने फोन नंबरसुद्धा गेला. पोलिसांनी चौकशी केली आणि गुन्हा घडलेला नाही असे ठरवले. गुगलने तरीही खाते परत दिले नाही. यंत्रणा मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि ती असायलाच हवी. पण चुकीने पकडलेल्या माणसाला दाद मागायला खिडकी कुठे? तहसीलदाराने दाखला नाकारला तर प्रांताकडे जाता येते, माहितीचा अधिकार वापरता येतो, ओरडता येते. इथे तुम्ही एक फॉर्म भरता आणि यंत्राचे उत्तर येते.

हे एकट्या माणसाचे झाले म्हणावे तर मोठ्यांचीही अवस्था पाहा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. कंपनी भारतीय, शुद्धीकरण कारखाना गुजरातच्या वाडिनारला, देशभर सहा हजारांहून जास्त पेट्रोल पंप. भारतीय कायद्याने तिच्यावर कसलीही बंदी नव्हती. तरी मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या आणि कर्मचाऱ्यांचे मेल बंद पडले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. नायराकडे वकिलांची फौज होती. परवाने तर तिने पैसे मोजून घेतलेले होते. मोफतच्या पंधरा जीबीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याचे काय, याचा अंदाज करा.

डेन्मार्कची गोष्ट वेगळी आहे आणि आम्हाला ती अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथे एका पालकाने प्रश्न विचारला आणि सरकारी यंत्रणा हलली. हेल्सिंगोर नगरपालिकेच्या शाळेत मुलांना क्रोमबुक दिली होती. एका वडिलांच्या लक्षात आले की शाळेच्या खात्यामुळे आपल्या मुलाचे पूर्ण नाव, शाळा आणि वर्ग यूट्यूबवर उघड झाले आहेत. त्यांनी तक्रार केली. जुलै २०२२ मध्ये डेन्मार्कच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने त्या नगरपालिकेच्या शाळांत क्रोमबुक आणि गुगलच्या सेवा वापरायला बंदी घातली. बंदी पुढे शिथिल झाली, पण विषय संपला नाही; जानेवारी २०२४ मध्ये प्राधिकरणाने ५३ नगरपालिकांना बजावले की मुलांची माहिती गुगलला त्याच्या स्वतःच्या कामासाठी देण्याला तुमच्याकडे कायद्याचा आधार नाही, व्यवस्था बदला. मुद्दा लॅपटॉपचा नव्हता. शाळेने मुलांच्या वतीने करार केला, मुलांना विचारले नाही, पालकांना कळले नाही, हा होता.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यावर बंदी, असे त्यात आहे. सरकारला मात्र मोठ्या सवलती ठेवल्या आहेत, त्यावर याच जागी पुन्हा कधीतरी. आपल्या शाळा, ट्रस्ट आणि संस्था मुलांची खाती सरसकट उघडतात, पासवर्ड एका वहीत लिहून ठेवतात आणि ती वही टेबलावर पडलेली असते. कायदा येवो न येवो, हे थांबवता येण्यासारखे आहे.

आता तो विषय, जो टाळून या चर्चेला काही अर्थ नाही. इंटरनेट आपल्याकडे केबल तुटल्याने जाते तसे आदेशानेही जाते. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये ते बंद झाले, २०२० च्या जानेवारीत टूजी परतले आणि पूर्ण वेगाचे मोबाइल इंटरनेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. दीड वर्ष. त्याच दीड वर्षात देशभर शाळा ऑनलाइन झाल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितले की अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही आणि आदेश जाहीर केले पाहिजेत. महाराष्ट्रातही नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावानंतर सेवा बंद झाल्या. ज्या दिवशी शहरात तणाव असतो त्याच दिवशी आपल्या मुलांना नेमके काय लागते याचा विचार करा. वकिलाला पाठवायचा अर्ज. भाडेकराराची प्रत. दुकानाचा परवाना आणि विम्याचे कागद. आणि ते सगळे त्या बिनखिडकीच्या इमारतीत.

दोन जातींतला फरक इथे खरा उमगतो. क्रोमबुक अशा दिवशी लंगडे होते, पण उभे राहते. मशीनमध्ये उतरवून ठेवलेली फाइल उघडते, पेनड्राइव्ह वाचते. पडद्यावर नुसते चित्र आणणारी सेवा त्या दिवशी पूर्ण गप्प. जिओपीसीचा दर सुरुवातीला महिन्याला ५९९ रुपये आणि वर जीएसटी असा ठेवला होता. लांब मुदतीचे प्लॅन स्वस्त पडतात. महिन्याच्या दराने दोन वर्षे भरलीत तर सतरा हजारांच्या आसपास जातात, आणि तेवढ्यात साधे क्रोमबुक येते. हप्ता थांबला की हातात कीबोर्ड आणि माउस उरतात. ८ जीबी रॅमचा संगणक एरवी परवडणारच नाही, अशा घराला ही सेवा परीक्षेपुरती, प्रोजेक्टपुरती चार महिने घ्यायला हरकत नाही. सुरुवातीला तिच्यावर प्रिंटर आणि कॅमेरा चालत नव्हता, ते आता चालते का हे विचारून घ्या. घरातला एकमेव संगणक म्हणून आम्ही ती सुचवणार नाही.

पोटापाण्याच्या बाजूने पाहिले तर आणखी एक अडचण दिसते. मालेगावात, भिवंडीत उर्दू डीटीपी करणारी माणसे इनपेजवर बसतात. लग्नपत्रिका, जलशाचे पोस्टर, साप्ताहिकाची पाने, मदरशाची प्रमाणपत्रे. इनपेज विंडोजचे आहे, क्रोम ओएसवर ते थेट चालत नाही. मराठी डीटीपीची तीच गत, श्रीलिपीचे, कृतिदेवचे. बारावीनंतर टॅली शिकून दुकानात हिशोबाला लागणारी मुले-मुली आपल्याकडे कमी नाहीत. टॅलीही मूळची विंडोजवरचीच. ज्याला यातून रोजगार मिळवायचा आहे त्याने क्रोमबुक घेतले तर चार दिवसांत विकायला काढेल. उलट फक्त लिहायचे, वाचायचे, शिकायचे असेल तर युनिकोड मराठी आणि उर्दू दोन्ही तिथे उत्तम चालतात. नोटो नस्तालिक उर्दू हा गुगलचाच मोफत फाँट आहे, आणि नस्तालिकमध्ये लिहिलेला मजकूर ब्राउझरमध्ये तसाच उमटलेला पाहून जुन्या कातिबांनासुद्धा बरे वाटेल. जुन्या फाँटांतल्या फाइल युनिकोडमध्ये आणून ठेवणे हे तर कुठलीही सिस्टीम घ्या, करायलाच हवे. नाहीतर दहा वर्षांनी आपल्याच मासिकांचे अंक आपल्याला वाचता येणार नाहीत.

मशीन किती वर्षे टिकणार, हाही प्रश्न विचारा. क्रोमबुकला अपडेट कधीपर्यंत मिळणार याची तारीख ठरलेली असते. अमेरिकेतल्या शाळांत चांगली चालणारी मशीन निव्वळ ती तारीख उलटली म्हणून भंगारात जाऊ लागली, ग्राहक संघटनांनी आवाज उठवला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने मुदत दहा वर्षांवर नेली. ही दहा वर्षे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. लॅमिंग्टन रोडवर कुणी जुने क्रोमबुक सात हजारात देत असेल तर आधी मॉडेलचे नाव घेऊन तारीख शोधा. शिवाय २०२५ मध्ये गुगलने स्वतःच सांगितले की क्रोम ओएस आणि अँड्रॉइड एका पायावर आणायचे आहेत. आज घेतलेल्या मशीनला दिलेला शब्द ते पाळतील असे दिसते. पण घर भाड्याचे असले की मालकाच्या मनात काय आहे यावर लक्ष ठेवावे लागतेच.

तिसरा रस्ता आहे आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात कुणाला पैसे मिळत नाहीत. साधे लिनक्स. केरळने आपल्या सरकारी शाळांत अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअर वापरले आहे, शिक्षकांना त्यात तयार केले, मल्याळममध्ये साधने बनवली आणि मुलांचे क्लब उभे केले जे शाळेतल्या मशीनची देखभाल करतात. सिस्टीम मशीनमध्येच, ऑफिसचे काम लिबरऑफिसमध्ये, इंटरनेट असो नसो. अडचण इतकीच की कुणीतरी शिकावे लागते. क्रोम ओएस फ्लेक्स चढवून विसरून जाता येते. लिनक्सला दर मोहल्ल्यात एक-दोन जाणती मुले हवीत. ती आपल्याकडे आहेत. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसून, एकही इंग्रजी पुस्तक न वाचता, बंद पडलेल्या फोनमध्ये जीव घालणारी पोरे ज्या वस्तीत आहेत, तिथे सहा संगणकांवर लिनक्स चढवणारा सापडणार नाही हे आम्हाला पटत नाही. त्याला कुणी विचारलेले नाही, एवढेच.

म्हणून अभ्यासिकांना आमचे सांगणे असे. सहा मशीन असतील तर चारांवर फ्लेक्स चढवा, दोनांवर लिनक्स. शाळकरी मुले आणि फॉर्म भरायला येणारे लोक चारांवर, ज्यांना शिकायचे आहे ते दोनांवर. वर्षभरात कोणत्या मशीनभोवती जास्त गर्दी होते ते दिसेलच.

आणि कागदांचे. ६ जून २०२५ रोजी वक्फ मालमत्तांसाठी उम्मीद पोर्टल सुरू झाले, सहा महिन्यांची मुदत होती. त्या धावपळीत कितीतरी मशिदी, दर्गे आणि कब्रस्तानांचे जुने उतारे, सनदा, पावत्या पहिल्यांदा स्कॅन झाल्या. काम बहुतेक ठिकाणी तरुणांनी केले, मुतवल्ली साहेबांना फक्त सही करायची होती. चांगले झाले. पण ते स्कॅन आज कुठे आहेत? पुष्कळ ठिकाणी एका मुलाच्या स्वतःच्या मोफत खात्यात. त्याला उद्या दुबईला नोकरी लागली, फोन हरवला, खाते बंद झाले, तर शंभर वर्षांच्या कागदांची ती डिजिटल प्रत गेली. गुगल दोन वर्षे न वापरलेली खाती पुसू शकते, डिसेंबर २०२३ पासून ते सुरूही झाले आहे. खाते परत मिळवायला जो नंबर दिला आहे तो बहुतेक वेळा अब्बांचा आखातातून सुट्टीला आल्यावर घेतलेला नंबर असतो. रिचार्ज संपला की काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाचा होतो आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतो.

संस्थेचे कागद संस्थेच्या नावाने उघडलेल्या खात्यात हवेत, दोन जबाबदार माणसांकडे त्याची किल्ली हवी आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. एक टीबीची बाहेरून जोडायची डिस्क चार-पाच हजारांत येते. घरातही तसेच करा. दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, जन्मनोंद, अम्मीच्या नावातला स्पेलिंगचा घोळ दुरुस्त केलेले राजपत्र, निकाहनामा, भाडेकरार. गुगलची टेकआउट नावाची सोय आहे, तिच्यातून आपल्या खात्यातले सगळे एकगठ्ठा उतरवून घेता येते. दर सहा महिन्यांनी एकदा, सेमिस्टर संपले की. क्रोमबुकवर डॉक्स वापरत असाल तर ऑफलाइनची सेटिंग आजच सुरू करून ठेवा, ती आपोआप सुरू होईल असे धरू नका. इंटरनेट बंद करून एकदा फाइल उघडून पाहा. उघडली तर ठीक. नाही उघडली तर अजून वेळ आहे.